मैनेची मागची पूजा

केरबाला तुरुंगात टाकलं ते गाडी जाळल्याबद्दल. खरं तर गाडीनेच केरबाला जाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पण गाडी पडली महाराजांची लाडकी आणि केरबा पडला ड्रायव्हर, त्यामुळे गुन्हा कोणाचा हे ठरवायला हातनोली संस्थानात फार वेळ लागला नाही.

गाडीचं नाव मैना. गरिबालाही मोटार परवडावी असं महाराजांच्या मनात आलं, आणि ती स्वस्तात बनवायचं काम दिवाण भास्करपंतांनी अंगावर घेतलं. पंतांनी काटकसर केली ती विचारू नका. दोन दिव्यांचा एक दिवा झाला, दाराला कडीऐवजी सुतळी आली, पत्रा पापडासारखा झाला. पेट्रोलच्या टाकीला जागाच उरेना, तेव्हा ती अगदी शेपटाशी चिकटवली. मग एके दिवशी बाजारात मागून बैलगाडीची दांडी जरा टेकली आणि मैना भडकली. केरबा सुतळी तोडून बाहेर पडला म्हणून वाचला. त्याने विडी ओढली असणार, असं पंतांनी सांगून टाकलं. केरबाने जन्मात विडीला हात लावला नव्हता, पण तेवढी चौकशी करतो कोण?

त्याची बायको गिरजा दरबारात गेली.

"सरकार, माझ्या धन्याची चूक नाही."

"मग काय मैनेची?" महाराजांच्या भुवया चढल्या. "तिच्याबद्दल वाईट बोलेल तो तुरुंगात जातो, ठाऊक आहे ना? उद्या नवी मैना बाहेर पडतेय. एक शब्दही वाईट न बोलता तिचा दोष दाखव, नवरा सोडतो. नाही जमलं तर त्याच्या शेजारची कोठडी रिकामीच आहे."

पंत मिशीत हसले. गिरजा मुजरा करून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी नव्या मैनेला हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, पुढे नारळ फुटला. मिरवणुकीसाठी महाराज आणि पंत मागच्या बाकावर बसले. तेवढ्यात गिरजा आली. एका हातात पेटत्या कापराचं ताट, दुसऱ्या हातात नारळ.

"सरकार, एवढी गुणी गाडी, आणि पूजा नुसती पुढूनच? मागच्या अंगाने काय घोडं मारलंय? एक नारळ तिथेही फोडते की."

"शाबास! फोड," महाराज खूश होऊन म्हणाले.

गिरजाने मागे जाऊन ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि नारळ डोक्यावर उचलला.

"थांब!" पंत किंचाळले. उतरायला गेले तर सुतळीची गाठ सुटेना. "तिथे नको गं बाई, तिथे टाकी आहे! पत्रा एका दणक्यात फाटेल, आम्ही दोघंही जळून मरू!"

महाराजांनी पंतांकडे टक लावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाई, आधी तो कापूर विझव."

गिरजाने कापूर विझवला. "सरकार, मी काही वाईट बोलले नाही. बोलले ते पंत. ती शेजारची कोठडी रिकामीच आहे म्हणत होतात ना?"

महाराजांना हसू आवरेना. केरबाला तिथल्या तिथे सोडलं. त्याला पाहून गिरजाचे डोळे भरून आले.

"ही मैना तुम्हाला बक्षीस," महाराज म्हणाले.

"नको सरकार, आमची शिक्षा भोगून झालीय. आम्हाला आपला टांगा द्या. मैना पंतांनाच शोभते. ते रोज तिच्यातून दरबारात येतील, आणि आमचा टांगा मागेमागे."

"आणि घोडा कसा हवा?"

"जरा अवखळच बघा."

महाराज पोट धरून हसले आणि तबेल्यातला सगळ्यात अवखळ घोडा त्यांनी केरबाच्या हाती दिला. त्या दिवशी पंत घरी पायीच गेले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कारखान्यातल्या साऱ्या मैनांच्या टाक्या शेपटाकडून हलवायला लागले.