ठकूचा दोर

फार फार मागे, माशीकड्याखालच्या वाडीत अजून देऊळसुद्धा उभं राहिलं नव्हतं, तेव्हा तिथे ठकू नावाची मुलगी राहत होती. कड्याला आग्या माशांची पोळी लोंबत. मध काढणारा दोराला लटकून खाली उतरे आणि वर दोर धरायला त्याचा मेव्हणाच लागे. सख्खा भाऊ एखादे वेळी वाटणीपायी मूठ सैल सोडील, पण बायकोचा भाऊ आपल्या बहिणीला विधवा करणार नाही, असं वाडीला वाटे.

ठकूचा भाऊ हिरा. त्याची मनगटं मुसळासारखी होती, असं म्हणतात. म्हणूनच मध काढणाऱ्या लहानूनं ठकूला मागणी घातली, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं हा दारात येतो, हिराशी बोलतो, आपल्याकडे मान वर करून बघत नाही.

पाणवठ्यावर तिनं त्याला गाठलं. "तुला बायको हवी, का हिरादादाचे हात?"

"दोन्ही," लहानू म्हणाला.

"आणि दादाला हातच नसते तर?"

"काय माहीत," तो म्हणाला.

"मग उद्या दोर मी धरते. अजून मी तुझी कोणी लागत नाही. उतरशील?"

उतरला तर हो म्हणायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

सकाळी तिनं हिराला पाहुण्यांकडे धाडून दिलं. लहानूनं गाठ तीनदा तपासली, एकदा तिचं तोंड तपासल्यासारखं पाहिलं आणि धुराचा टेंभा घेऊन उतरला. ठकूनं दोराचा एक वेढा खडकाला दिला, टोक मुठीत धरलं. तेवढ्यात तिला पाचोळ्याखाली दुसरा दोर दिसला. लहानूच्याच कमरेचा, गुपचूप उंबराला बांधलेला.

ठकू संतापली. म्हणजे माझ्यापेक्षा झाड बरं. सोडून द्यावा, बसू दे लोंबकळत. तिनं मूठ उघडायला घेतली, आणि उंबराचा दोर एकदम सैल पडला. टेंभ्याची ठिणगी त्याला लागली होती. आता खाली लहानू होता आणि वर फक्त तिची मूठ.

माशा उठल्या. काळा चुडा भरावा तशा त्या तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बसल्या. कुणी म्हणतं एकही डसली नाही, कुणी म्हणतं सगळ्या डसल्या. मूठ मात्र सुटली नाही. खडकावर दोराची खाच पडली, ती अजून दाखवतात.

लहानू वर आला. कमरेच्या दोराचं जळकं टोक त्यानं तिच्यापुढे धरलं. "तू सोडशील असं वाटलं होतं, म्हणून बांधला," म्हणाला.

"सोडणारच होते," ठकू म्हणाली.

पुढे तिनं त्याच्याशीच लग्न केलं. का, असं सुनांनी विचारलं की म्हणायची, "खोटं बोलला असता, तर नसतं केलं."

अजूनही त्या वाडीत सुपारी फोडायच्या आधी मुलाला त्या खडकावरून, कड्याच्या उलट बाजूला, हातभर खाली लोंबकळत ठेवतात. त्यानं आणलेला दुसरा दोर आधी चुलीत घालतात. पहिल्याचं टोक मुलीच्या हाती. भाऊ पाठ करून उभा राहतो. कधी कधी मुलगी दोर सोडते. मुलगा पाचोळ्यात पडतो, बायका हसतात, सुपारी पुन्हा पिशवीत जाते. आणि का सोडलास, असं तिला कुणी विचारत नाही.