दाजींच्या ब्रेकला गारवा

एका गावात एक भोळा मेव्हणा होता. नाव शिरपा. तो बहिणीकडे, म्हणजे ताराक्काकडे राहायचा आणि दाजींच्या गॅरेजात पडेल ते काम करायचा. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोळ तिथंच होता.

दाजी म्हणजे शामराव चौगुले. दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचे आणि उरल्या वेळात स्वतःच्या जुन्या मोटारीला शर्यतीसाठी नटवायचे. ऊस तुटून गेला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात हौशी लोकांची मोटारशर्यत भरायची. गेल्या वर्षी दुसऱ्याच फेरीत दाजींचे ब्रेक तापले, धूर निघाला, गाडी बाहेर. गावानं वर्षभर चेष्टा केली. शेवटी ताराक्कानं निकाल लावला, "यंदा शेवटची रेघ वलांडली न्हाई, तर गाडी भंगारात घालीन. मग तोंड वाकडं करायचं न्हाई."

दाजींचा सगळा जीव त्या गाडीत. ते म्हणाले, "शिरपा, ब्रेकला वारा लागाय पायजे. गाडीच्या म्होरनं वारा घ्यायचा आन् नळीनं थेट चाकापाशी सोडायचा. तयार नळ्या मिळत्यात, पर त्या पैशात म्हस यील. तू तालुक्याला जा, भंगारातनं वाकणारा पाईप आण."

शिरपा गेला. पाईप घेतला, सायकलच्या मागं बांधला आणि फरफटत आणला. घरी येईपर्यंत पाईपची चाळण झाली.

दाजी ओरडले, "आरं, पाईप आसा वडत आणत्यात व्हय? गुंडाळी करायची आन् खांद्याला अडकवायची!"

"बरं दाजी. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडाला मोठं नरसाळं करायचं होतं. शिरपाला पत्रा आणायला धाडलं. त्यानं कोऱ्या पत्र्यावर नाचून नाचून त्याची गुंडाळी केली आणि खांद्याला अडकवली. पत्र्याचा पापड झाला. खांद्याची सालं निघाली, पण शिरपा खुशीत होता.

"आरं शान्या, पत्रा यस्टीच्या टपावर टाकायचा! वर टाकायचा आन् आपण निवांत आत बसायचं!"

"बरं दाजी. ध्यानात ठेवतो."

दाजींनी ठोकून ठोकून पत्रा सरळ केला. पाईपच्या भोकांवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या. नरसाळं गाडीच्या पुढं बसवलं, नळी चाकापाशी नेली आणि रानात चार चकरा मारून आले. ब्रेकपाशी हात नेऊन बघितला. तापले नव्हते! दाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी शिरपाला मिठी मारली.

मग ताराक्कानं सगळ्या आळीला सरबताला बोलावलं आणि भावाला बर्फ आणायला पाठवलं. शिरपानं पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी एसटीच्या टपावर टाकली आणि आत निवांत बसला. रणरणतं ऊन होतं. खिडकीतल्या बायकांना वाटलं, वळीव आला. घरी पोचलं ते ओलं पोतं.

ताराक्कानं कपाळावर हात मारला. "आरं, जे गार ऱ्हायला पायजे ते पेटीत घालावं. खाली भुसा, वर बर्फ, वर झाकण!"

"बरं आक्का. ध्यानात ठेवतो."

शर्यतीचा दिवस उजाडला. गाडीच्या पूजेची तयारी सुरू झाली. दाजी शिरपाला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्ये बघ, मी आता आंघोळ करून येतो. तवर तू येकच बघ. ब्रेक गार ऱ्हायला पायजेत. माझी इज्जत तुझ्या हातात हाय."

शिरपाला भरून आलं. एवढं मोठं काम त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं पाना घेतला, पेटी घेतली आणि मन लावून काम केलं.

त्या गावची एक रीत होती. नारळ फुटला की गाडी सुरू करायची नाही. माणसांनी हलगीच्या तालावर ढकलत रेघेवर न्यायची. तशी ती नेली. दाजी आत बसले, निशाण पडलं आणि गाडी सुसाट सुटली.

पहिल्या वळणावर बाकीच्यांनी वेग कमी केला. दाजींनी केला नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. गाडी तिरकी होत, धुरळा उडवत सगळ्यांच्या पुढं गेली. लोक म्हणाले, "काय काळीज हाय गड्याचं!" दाजी आतून काहीतरी ओरडत होते. लोकांना वाटलं, जोश आलाय. हँडब्रेक तर दाजींनी वजन कमी करायला कधीच काढून टाकला होता.

गाडीनं पहिल्या नंबरानं रेघ ओलांडली. ताराक्का टाळ्या वाजवत नाचली, "ऱ्हायली! गाडी ऱ्हायली!"

गाडी कसली राहते? ती बक्षिसाच्या मांडवातून गेली, सरपंचांची खुर्ची घेऊन गेली (सरपंच वेळीच उठले म्हणून बरं), आणि पलीकडच्या कडब्याच्या गंजीत घुसून एकदाची थांबली.

दाजी कडब्यातून बाहेर आले. तोंडात कडबा, डोळ्यांत पाणी. "ब्रेक... ब्रेकच लागंना! पाय नुसता खाली जातोय!"

तेवढ्यात शिरपा धापा टाकत आला. डोक्यावर पेटी. त्यानं ती अलगद खाली ठेवली, झाकण उघडलं, बर्फ बाजूला सारला आणि भुशातून ब्रेकचे सगळे पॅड काढून दाजींच्या हातावर ठेवले.

"कसं लागतील दाजी? सकाळधरनं हितं हायत की! हात लावून बघा. जरा जरी तापलं आसतील, तर शिरपा म्हनू नका मला."