माकडाचा स्वस्त बाजार

माणसाने अजून तराजू बनवला नव्हता, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या आंब्यावर एक खार राहायची. झाडाखालची घूस तिला एका आंब्याला मूठभर शेंगा द्यायची. पुढे टेकडीपलीकडे एका माकडाने बाजार मांडला. तिथे एका आंब्याला दोन मुठी शेंगा मिळू लागल्या.

खार शेंगा आणायला गेली आणि हरभरे, मका, चिंचोकेसुद्धा घेऊन आली.

"अगं, चिंचोके खातं कोण तुझ्याकडे?" घुशीने विचारलं.

"कोणी नाही. पण इतके स्वस्त परत मिळतील का?"

असं दर आठवड्याला चाललं. झाडावरचे आंबे संपत आले. ढोली इतकी गच्च भरली, की खारीने पिल्लांना बाहेर फांदीवर झोपवायला सुरुवात केली. वारा सुटला की पिल्लं बिचारी कुडकुडायची.

एके सकाळी घुशीने खालून हाक मारली, "काय गं, पडलं का स्वस्त?"

खार उत्तर देणार, तेवढ्यात ढोलीतून एका गुबगुबीत किड्याने डोकं बाहेर काढलं.

"फारच स्वस्त! मावशी, यापुढेही तिथूनच आणा हं. आमची पोरं आत अगदी मजेत आहेत."