चिटकीचा कापूस आणि अडलेलं दार

एक होती खार. तिचं नाव चिटकी.

आंब्याच्या फांदीवर तिचं घरटं होतं. घरट्यात तिची पिल्लं होती. इवली इवली. अंगावर अजून केससुद्धा आले नव्हते. थंडीचे दिवस होते. वारा आला, की पिल्लं कुडकुडायची. कुडकुड कुडकुड.

आंब्याखाली होता बकुळआत्याचा बंगला. अंगणात देवकापशीचं झुडूप होतं. सगळी बोंडं आत्याने वातींसाठी नेली होती. एकच बोंड उरलं होतं. चिटकीने ते तोडलं. आतून कापूस निघाला. पांढरा पांढरा, मऊ मऊ. चिटकीने तो तोंडात धरला आणि ती निघाली घरट्याकडे.

तेवढ्यात वारा आला. भुर्रर्र! कापूस सुटला. उडत उडत थेट आत्याच्या गॅरेजमध्ये गेला.

गॅरेज म्हणजे आत्याच्या गाडीचं घर. त्याला मोठं लोखंडी दार होतं. दाराला खाली चाकं होती. चाकं चालायची रुळावरून. लोटलं, की दार सरकायचं.

चिटकी कापसामागे धावली. तुरुतुरु तुरुतुरु. पण त्याच वेळी आत्याने दार लोटलं. करकर करकर... धप्प.

दार लागलं. कापूस राहिला आत. चिटकी राहिली बाहेर.

दाराखाली बारीकशी फट होती. चिटकीने नाक घातलं. नाक गेलं. डोकं जाईना. आत कापूस दिसत होता. पंजा काही पोचेना.

चिटकी म्हणाली, "दारदादा, दारदादा, सरक ना.
कापूस मिळेना,
पिल्लांची थंडी जाईना."

दार म्हणालं, "मी कसं सरकू? चाकं फिरली, तर मी सरकेन."

चिटकी वाकली. चाकं तिथेच होती, दाराच्या पायाशी.

"चाकांनो, चाकांनो, फिरा ना.
दार सरकेना,
कापूस मिळेना,
पिल्लांची थंडी जाईना."

चाकं म्हणाली, "आम्ही कशी फिरू? अंग आखडलंय आमचं. तेल गळलं, तर आम्ही फिरू."

तेलाची कुपी होती खिडकीत. तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी खिडकीत गेली.

"कुपीमावशी, कुपीमावशी, तेल गाळ ना.
चाकं फिरेनात,
दार सरकेना,
कापूस मिळेना,
पिल्लांची थंडी जाईना."

कुपी म्हणाली, "अशी कशी गाळू? रुळात धूळ आहे. धुळीत तेल पडलं, तर चिखल होतो. रूळ उजळला, तर मी तेल गाळेन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी खाली आली. रूळ जमिनीवर लांबच लांब पसरला होता. वरून धूळ, धुळीवर पाला.

"रूळकाका, रूळकाका, उजळा ना.
तेल गळेना,
चाकं फिरेनात,
दार सरकेना,
कापूस मिळेना,
पिल्लांची थंडी जाईना."

रूळ म्हणाला, "मी कसा उजळू? मला हात ना पाय. ब्रश चालला, तर मी उजळेन."

ब्रश होता नळाशेजारी, खिळ्याला टांगलेला. तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी नळावर चढली.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, चाल ना.
रूळ उजळेना,
तेल गळेना,
चाकं फिरेनात,
दार सरकेना,
कापूस मिळेना,
पिल्लांची थंडी जाईना."

ब्रश म्हणाला, "मी एकटा कसा चालू? आत्या उठली, तर मी चालेन."

आत्या बसली होती ओसरीवर, उन्हात, खुर्चीत. तिच्या मांडीवर तिचा बोका झोपला होता. त्याचं नाव सोनबा. गुबगुबीत, पिवळा, मिशाळ सोनबा. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

बोका पाहून चिटकी लांबच थांबली. पायरीवरूनच हळू आवाजात म्हणाली,

"आत्या, आत्या, ऊठ ना.
ब्रश चालेना,
रूळ उजळेना,
तेल गळेना,
चाकं फिरेनात,
दार सरकेना,
कापूस मिळेना,
पिल्लांची थंडी जाईना."

आत्याला वाईट वाटलं. दार करकरतं, हे तिलाही ठाऊक होतं. रोज ती म्हणायची, उद्या बघू. आणि उद्या आला, की पुन्हा म्हणायची, उद्या बघू. पण सोनबा मांडीवर झोपला, की आत्या जागची हलत नसे. तशी तिची रीतच होती.

आत्या म्हणाली, "अगं, मी कशी उठू? सोनबा हलला, तर मी उठेन."

आता आली का पंचाईत!

सोनबाला सांगायचं म्हणजे सोनबाजवळ जायचं. सोनबाला दात होते. नखं होती. आणि खारी त्याला फार आवडायच्या, पण खायला.

चिटकी मागे वळली. तिला वाटलं, जाऊ दे तो कापूस. तेवढ्यात वारा आला. वर आंब्यावरून बारीक आवाज आला. चीं चीं. चीं चीं. पिल्लं कुडकुडत होती.

चिटकी पुन्हा वळली. या खेपेला तुरुतुरु नाही. हळू... हळू... एकेक पाऊल. खुर्चीचा पाय चढली. खुर्चीचा हात चढली. सोनबाच्या कानाशी आली. तिचं काळीज धडधडत होतं. धडधड धडधड.

"सोनबा, सोनबा, हल ना.
आत्या उठेना,
ब्रश चालेना,
रूळ उजळेना,
तेल गळेना,
चाकं फिरेनात,
दार सरकेना,
कापूस मिळेना,
पिल्लांची थंडी जाईना."

सोनबाने एक डोळा उघडला. पोट भरलेलं होतं. ऊन छान लागत होतं. खार पकडायचाही त्याला कंटाळा आला.

सोनबा म्हणाला, "मी कशाला हलू? शिंक आली, तर मी हलेन."

आणि त्याने डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता शिंकेला कुठे शोधायचं? शिंक झाडावर राहत नाही. शिंक बिळात राहत नाही. चिटकीने विचार केला. खूप विचार केला. मग तिला कळलं. शिंक राहते नाकात!

चिटकी पाठमोरी झाली. डोळे गच्च मिटले. आणि आपली झुपकेदार शेपटी सोनबाच्या नाकावरून फिरवली. गुदगुद गुदगुद.

सोनबाच्या मिशा थरथरल्या. नाक फुगलं.

"आँऽऽ... आँऽऽ... फच्च!"

एवढी मोठी शिंक! चिटकी टुणकन उडाली ती थेट पायरीवर. सोनबाही उडाला. मांडीवरून खाली, खालून अंगणात. पुढचे पाय ताणले, मागचे पाय ताणले, आणि शेपूट उभी करून तो स्वयंपाकघराकडे गेला.

शिंक आली,
म्हणून सोनबा हलला.

सोनबा हलला,
म्हणून आत्या उठली.

आत्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय झटकले. मग चिटकीला म्हणाली, "चल गं. आज 'उद्या बघू' नाही म्हणायचं."

आत्याने खिळ्यावरचा ब्रश काढला. खसखस खसखस.

आत्या उठली,
म्हणून ब्रश चालला.

धूळ उडाली. पाला निघाला. कोपऱ्यात एक खडा अडकला होता, हरभऱ्याएवढा. तोही निघाला. मग आत्याने फडक्याने रूळ पुसला. लख्ख!

ब्रश चालला,
म्हणून रूळ उजळला.

आत्याने खिडकीतली कुपी घेतली. या चाकाला टप. त्या चाकाला टप. फार नाही, थोडंच. सांडलेलं तेल लगेच टिपून घेतलं.

रूळ उजळला,
म्हणून तेल गळलं.

आत्याने दार जरासं पुढे लोटलं, जरासं मागे ओढलं. पुढे, मागे. पुढे, मागे. तेल आत आत गेलं. चाकांचं आखडलेलं अंग मोकळं झालं. आधी चाकं म्हणाली करकर. मग म्हणाली कुरकुर. मग काहीच म्हणाली नाहीत.

तेल गळलं,
म्हणून चाकं फिरली.

आत्याने दाराला बोट लावलं. फक्त एक बोट!

सर्रर्र.

चाकं फिरली,
म्हणून दार सरकलं.

आत्याला इतकी गंमत वाटली, की तिने पुन्हा दार लावलं आणि पुन्हा उघडलं. सर्रर्र. सर्रर्र. मग तिला चिटकीची आठवण झाली. चिटकी उंबऱ्याशी उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. आत्याने दार हाताने घट्ट धरून ठेवलं. म्हणाली, "जा बाई आत. तू बाहेर येईपर्यंत मी दार हलू देणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी आत गेली. गाडीखाली पाहिलं. नाही. बादलीमागे पाहिलं. नाही. आत्याच्या जुन्या चपलेत पाहिलं. तिथे बसला होता कापूस! थोडा मळला होता. पण मऊच होता.

दार सरकलं,
म्हणून कापूस मिळाला.

चिटकीने कापूस तोंडात घट्ट धरला. वारा आला, भुर्रर्र. पण या वेळी चिटकीने कापूस सोडला नाही. अंगणातून धावली. आंब्यावर चढली. सरसर सरसर. घरट्यात शिरली. कापूस पिंजला, पसरला, पिल्लांच्या भोवती नीट खोचला. मग स्वतःही आत शिरली आणि पिल्लांना पोटाशी घेतलं.

एका पिल्लाचं कुडकुडणं थांबलं. मग दुसऱ्याचं. मग सगळ्यांचं.

कापूस मिळाला,
म्हणून पिल्लांची थंडी गेली.

खाली आत्या ब्रश पुन्हा खिळ्याला टांगत होती. पुढच्या महिन्यात पुन्हा ब्रश, पुन्हा तेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग खुर्चीत जाऊन बसली. सोनबा कुठूनसा आला आणि तिच्या मांडीवर चढला. घुर्र घुर्र.

वर आंब्यावर पिल्लं झोपली होती. एकमेकांच्या अंगावर, कापसात नाक खुपसून.

दार सरकलं सर्रर्र,
झोप आली घुर्रर्र,
खारीची गोष्ट सरली.