लाख आणि तीन मुंग्या

फार जुन्या काळी, देव मुंगीच्याही नवसाला धावून येत असे तेव्हा, एका वारुळाने तांदळाची लाखोली बोलली. दर मुंगीने एक दाणा वाहायचा. मोजण्यात चूकमाक झाली तर कमी पडू नये, म्हणून लाखावर आणखी तिघी घेतल्या.

देवळाच्या पायरीशी थोरली आक्का म्हणाली, "सारख्या ओळी करा गं, देवापुढे वेडंवाकडं नको." दोन ओळी केल्या, तर लंगडी पवळी एकटी उरली.

"तू जास्तीची दिसतेस. घरी जा, बाई."

"आक्का, पाय बरा व्हावा म्हणून आलेय हो मी!"

आक्काला गलबलून आलं. तिने तीन ओळी करून पाहिल्या. या वेळी पवळी मधे शिरली आणि आक्काची सून उरली. सात ओळी केल्या, तर खुद्द आक्काच बाहेर!

"आता सासूबाई घरी जाणार वाटतं?" सून पुटपुटली.

आक्का चक्रावली. "अगंबाई! मघाशी ही, मग तू, आता मी! मग खरी जास्तीची कोण?"

पवळी डोळे पुसत म्हणाली, "मीच जाते परत. तुमच्या ओळी सारख्या होतील."

"होतील गं. पण मी गेले तरी होतीलच की!" आक्काने साऱ्या ओळी मोडल्या. "मला काही उमगत नाही बाई. एकीमागे एक अशाच चला. पवळे, तू पुढे हो. तुझ्या चालीने आम्ही येतो."

एकच लांब ओळ झाली. शेवटचा दाणा देवापुढे पडला तेव्हा सांजवात लागली होती, आणि पायरीशी कुणीही उरलं नव्हतं.