वाण्याची पुढची फळी

एका बाजारपेठेच्या गावात एक वाणी होता. गिऱ्हाईक नुसतं मीठ न्यायला आलं, तरी जाताना गूळ आणि सुपारी घेऊनच जाई. त्याची युक्ती अगदी साधी. जो माल खपवायचा तो पुढच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर मांडायचा.

त्याच्या घराण्याला एक मान होता. त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढच्या दीपमाळेवर चढून सर्वांत वरचा दिवा त्यांनीच लावायचा. आजोबांनी लावला, वडिलांनी लावला. पण त्या वर्षी हा वाणी दीपमाळेच्या दगडांवर पाय देत निम्म्यापर्यंत गेला आणि तिथेच तिला मिठी मारून थांबला. धाप लागली. शेवटी गुरवाने हाताला धरून त्याला उतरवलं आणि दिवा स्वतः लावला.

शेजारचा कापडवाला खालून म्हणाला, "वाणीशेठ, दगड तेवढेच आहेत हो. माप तुमचं वाढलंय."

लोक हसले. वाणीही हसला, पण घास गिळावा तसं ते हसू त्याने गिळलं. गुरव त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "शेठ, पुढच्या वर्षी जमलं नाही, तर मान कापडवाल्याकडे जाणार. पंचांचं तसं ठरतंय."

वाणी तडक वैद्याकडे गेला. "वैद्यबुवा, एखादं जालीम चूर्ण द्या."

"दिवसभर खाता काय?"

"दोन वेळचं जेवण. बाकी काही नाही."

"मग ही सदऱ्यावर शेव कुठली?" वैद्य म्हणाला. "चूर्ण नको. हे अधलंमधलं तेवढं आवरा आणि ताटात भाजी वाढवा."

वाण्याने देवापुढे शपथ घेतली. सकाळी घेतली, दुपारी मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. गादीच्या एका बाजूला शेवेची बरणी, दुसऱ्या बाजूला पेढ्यांचा डबा. एका हातात तराजू असला, की दुसरा हात न विचारता बरणीत जाई. आपल्या हातून घराण्याचा मान जाणार, या विचाराने त्याला झोप लागेना. आणि काळजी वाटली, की शेव आणखी लागे.

एक दिवस बायको ताक घेऊन दुकानात आली. बोलता बोलता त्याचा हात बरणीत गेलेला तिने पाहिला.

"अहो, ही बरणी इथं कुणी मांडली?"

"मीच. का?"

"मग बरोबर आहे. गावाला विकता तसंच स्वतःला विकताय. एवढं भोळं गिऱ्हाईक तुम्हाला दुसरं मिळालं नसेल."

वाण्याने बरणीतला हात बाहेर काढला. अख्ख्या पेठेची नस ओळखणारा माणूस, पण आपल्याच फळीवर आपणच रोज फसतोय हे त्याला दिसलं नव्हतं.

या खेपेला त्याने शपथ घेतली नाही, शिडी आणली. शेव आणि पेढे माळ्यावर, पोत्यांच्या मागे गेले. गादीशेजारी फुटाणे, काकडी, पेरू आणि ताकाचा तांब्या आला. घरी बायको आधी भाजी आणि कोशिंबीर वाढू लागली, भात शेवटी. तेलकट काही बंद केलं नाही, सणावारी ते होतंच. एकदा भर दुपारी वाणी शेवेसाठी शिडी चढलाही. बायको खालून म्हणाली, "खा, खा. चढायची सवय तरी होतेय." तो मूठभरच खाऊन उतरला.

पुढची त्रिपुरी आली. तिन्हीसांजेला सारं गाव दीपमाळेभोवती जमलं. कापडवाला नवी पगडी घालून, बाह्या सारून तयारच होता. वाण्याने तेलवात कमरेला बांधली आणि चढू लागला. निम्म्यावर, जिथे मागच्या वर्षी मिठी मारली होती, तिथे तो क्षणभर थांबला. खाली सगळ्यांचे श्वास अडकले. त्याचा श्वास मात्र चालू होता. त्याने पुढचा दगड धरला, मग त्याच्या पुढचा. थोड्याच वेळात माथ्यावरची ज्योत उभी राहिली आणि देवळातली घंटा दणदणली.

उतरल्यावर कापडवाल्याने आपणहून त्याचा हात धरला. हळूच विचारलं, "शेठ, औषध कुठलं?"

"उद्या दुकानात या," वाणी म्हणाला. "पुढच्याच फळीवर मांडलंय."

तात्पर्य एवढंच: मनाला शपथा घालत बसण्यापेक्षा चांगलं खाणं हाताशी ठेवावं आणि नको ते लांब, हात जवळचंच उचलतो.