गेणूची तीन गिअरची सायकल

एका गावात गेणू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर डोक्यात नवं शिरलं की जुनं बाहेर पडायचं. जागाच तेवढी.

त्याची बायको चांगुणा माहेरी रुसून बसली होती. तिचा निरोप आला, "एकदाच न्यायला या. धड नेलंत तर नांदेन, नाहीतर जन्मभर इथेच." फार जीव हो गेणूचा बायकोवर. तो तडक गफूरभाईंच्या दुकानात गेला आणि त्याने तीन गिअरची सायकल भाड्यानं घेतली.

गफूरभाई म्हणाले, "चढाला एक नंबर, सपाटीला दोन, उताराला तीन."

"बरं," गेणू म्हणाला.

चढ आला. गेणूनं पाय थांबवले आणि मग गिअर टाकला. साखळी खटकन उतरली. एका धनगरानं ती बसवून दिली. म्हणाला, "गिअर टाकताना पाय थांबवू नये, बाबा. पायडल मारत राहावं."

"बरं."

सासरवाडी आली. अंगणात शिरताना गेणूला गिअर टाकायची लहर आली. सासरे म्हणाले, "थांबा, जावईबापू, थांबा." गेणू कसला थांबतोय? पायडल मारत कुरडयांच्या बाजेत घुसला.

सासऱ्यांनी केसांतल्या कुरडया झटकल्या. "काही आडवं आलं की थांबावं माणसानं."

"बरं."

चांगुणा गाठोडं घेऊन मागं कॅरिअरवर बसली. वाटेत झाडाची सावली आडवी आली. गेणू थांबला आणि ती सरकायची वाट बघू लागला.

"अहो, तिच्यावरून जायचं असतं," चांगुणा म्हणाली.

"बरं."

पुढं चढ लागला. सायकल हलेना. एक नंबर टाकला की झालं होतं, पण तो एक नंबर डोक्यातून केव्हाच गेलेला. चांगुणाला नवऱ्याची दया आली. म्हणाली, "गाठोडं ठेवा या आंब्याखाली. उद्या येऊन नेऊ. ओझं उतरवलं की सायकल पळते."

"बरं."

गाठोडं उतरवलं. सायकल हलली, पण पळेना. गेणूनं मागं वळून पाहिलं.

"चांगुणा, जरा उतर."

ती उतरली बिचारी. आणि काय सांगू, सायकल अशी पळाली, अशी पळाली, की गेणू थेट आपल्या दारात.

आई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. तिनं गेणूच्या मागं पाहिलं. "सून कुठाय रे?"

"आंब्याखाली ठेवलीय," गेणू घाम पुसत म्हणाला. "उद्या दोन खेपांत आणतो. आधी गाठोडं."